परराष्ट्र धोरणात संस्थांचं ऐकतो कोण?

राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "बिगर-सरकारी संस्था देशाच्या परराष्ट्र धोरणावर प्रभाव टाकतात असं पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. प्रत्यक्षात परराष्ट्र मंत्रालय संस्थांच्या सांगण्यावरून काही बदलतं का? की वाघा सीमेवर मेणबत्त्या लावण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसतं?"

मेणबत्त्या मीही लावल्या आहेत. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी नव्वदच्या दशकात ही प्रथा सुरू केली. १४ ऑगस्टच्या रात्री वाघाच्या अलीकडे, आपल्या बाजूच्या अटारीला जायचं, पोलिस अडवतील तिथे उभं राहायचं, वाऱ्याने विझलेली मेणबत्ती शेजारणीच्या मेणबत्तीवर पुन्हा लावायची आणि पहाटेच्या गाडीने अमृतसरहून परत. तेव्हा तुमच्या प्रश्नातली टोचणी मला लागली आणि ती रास्तच आहे. मेणबत्तीमुळे सीमेपलीकडचा कोणी कैदी सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. कैदी कागदाने सुटतात. तो कागद पुष्कळदा मंत्रालयाकडे नसतो, आमच्यासारख्या संस्थेकडे असतो, आणि तेवढ्यापुरतं मंत्रालय आमचं ऐकतं. वीसेक वर्षांत मला कळलं ते एवढंच. बाकी सगळा त्याचा तपशील आहे.

मी काम करते ते भारत आणि पाकिस्तानच्या तुरुंगांत अडकलेल्या मच्छीमारांसाठी. कच्छच्या पश्चिमेला सर क्रीकची खाडी आहे. तिची सीमा दोन्ही देशांनी अजून ठरवलेली नाही, त्यामुळे तिथून पुढे समुद्रात जाणारी रेषाही ठरलेली नाही. मासळीला रेषा कळत नाही, आणि रात्री जाळं टाकून ओढीबरोबर वाहत गेलेल्या बोटीलाही ती दिसत नाही. पाकिस्तानची मॅरिटाइम सिक्युरिटी एजन्सी बोट पकडते, कराचीला नेते आणि तांडेलासकट, म्हणजे बोटीच्या कप्तानासकट, सगळे खलाशी मलीरच्या तुरुंगात जातात. आपल्याकडे तटरक्षक दल आणि सीमा सुरक्षा दल त्यांच्या मच्छीमारांना पकडतं. ते गुजरातच्या तुरुंगांत असतात.

बोटी बहुतेक पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ, ओख्याच्या. पण त्यांवरचे पुष्कळ खलाशी आपल्या पालघर जिल्ह्यातले, तलासरी-डहाणूच्या पाड्यांवरचे. हे परंपरेने मच्छीमार नव्हेत. भातशेतीतून वर्ष निघत नाही म्हणून पावसाळी बंदी उठली की मालकाची उचल घेऊन पोरं बोटीवर जातात. उचल घरी खर्च होऊन जाते आणि माणूस समुद्रात असतो. बोट पकडली गेली तर बातमी आधी मालकाला, मग मालकाच्या संघटनेला, मग कधीतरी पाड्यावर पोचते. बोट गुजरातची आणि माणूस महाराष्ट्राचा, त्यामुळे घरच्यांनी दाद कोणत्या राज्याकडे मागायची इथपासून सुरुवात.

आता धोरण कुठे येतं ते सांगते.

परदेशात शिरल्याची शिक्षा साधारण काही महिन्यांची असते. ती भोगून झाली तरी माणूस सुटत नाही, कारण तो आपला आहे असं त्याच्या देशाने लेखी सांगावं लागतं. याला राष्ट्रीयत्वाची पडताळणी म्हणतात. कराचीतून नाव इस्लामाबादला, तिथून आपल्या उच्चायोगाकडे, तिथून दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय, मग गृह मंत्रालय, राज्याचं गृह खातं, जिल्हा पोलिस आणि शेवटी ठाण्यातला हवालदार, जो मोटारसायकलवर पाड्यावर जाऊन "हा माणूस तुमचाच का?" असं विचारतो. मग हाच जिना उलटा चढायचा.

एका खलाशाचा कागद या जिन्यावर दीड वर्ष पडून होता. शेरा होता, "या नावाचे गाव हद्दीत नाही." गावाचं नाव उ-ने सुरू होणारं. उर्दूत सुरुवातीला नुसता अलिफ लिहितात. तो अ वाचायचा, इ की उ, हे दाखवणारी पेश वगैरे खूण सहसा कोणी देत नाही, वाचणाऱ्याला शब्द माहीत असतो हे गृहीत असतं. कराचीच्या कारकुनाने अलिफ लिहिला, पुढच्याने अ वाचला, इंग्रजीत ए झाला, आणि आपल्या तालुक्यात अ-ने सुरू होणारं तसं गाव नव्हतंच. आडनाव धोडी, त्याचं झालं ढोरी. बापाचं नाव तर ओळखण्यापलीकडे गेलेलं. प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपलं काम नियमाने केलं होतं, आणि माणूस आत होता.

मी त्या घरी गेले तेव्हा त्याची बायको कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे तुरुंगातून आलेलं एक पत्र होतं, दुसऱ्या कोणी लिहून दिलेलं, गुजरातीत. तिला वाचता येत नव्हतं, तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छपराच्या वाशात खोचलं होतं. तिने एकच विचारलं, "ताई, तो हाय ना पण?" पत्रावरची तारीख सात महिने जुनी होती. मी हो म्हणाले. त्या वेळी मला ते खात्रीने माहीत नव्हतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

रेशन कार्ड, मतदार यादीतलं पान, शाळेचा दाखला, पोलिस पाटलाचं पत्र आणि त्या गुजराती पत्राची झेरॉक्स असा गठ्ठा करून आम्ही तो जिल्हा पोलिसांना दिला आणि त्याची प्रत दिल्लीत पाकिस्तानचं काम बघणाऱ्या विभागाला. सोबत एक पान: यादीतलं नाव असं आहे, खरं नाव असं आहे, घोळ असा झाला आहे. पाच आठवड्यांत पडताळणी झाली. तिथल्या एका अधिकाऱ्याने नंतर फोनवर मला सांगितलं, "मॅडम, लोक इथे भाषणं घेऊन येतात. तुम्ही यादी आणता, म्हणून तुमचा फोन घेतो." हे वाक्य मी प्रशस्तिपत्रकासारखं जपलं आहे. पण त्यातला इशाराही ओळखून आहे: यादी आणणं थांबलं की फोन घेणंही थांबेल.

दिल्लीच्या मंत्रालयात देश कळतात, पाडे कळत नाहीत. यात मंत्रालयाची निंदा नाही. एका टेबलावर व्हिसा, कुंपण, पाणीवाटप, दहशतवाद असं सगळं असताना एका खलाशाच्या बापाचं नाव तपासायला वेळ कोणाला? ती जागा रिकामी असते. तिथे ज्याच्याकडे नेमकी माहिती आहे तो आपोआप उपयोगी ठरतो, आणि उपयोगी ठरल्यावर हळूहळू त्याचं मतही विचारलं जातं. पुस्तकात ज्याला "प्रभाव" म्हणतात तो मी तरी याच वाटेने येताना पाहिला आहे.

दुसरी गोष्ट जोडीदाराची. आपलं सरकार पाकिस्तानच्या न्यायालयात जाऊन सहसा याचिका करत नाही. कराचीतली संस्था करू शकते. कामगार प्रश्नांवर काम करणारी तिथली पायलर ही संस्था आणि पाकिस्तान फिशरफोक फोरम यांनी २०१० मध्ये भारतीय मच्छीमारांसाठी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्या वर्षी चारशेहून जास्त मच्छीमार परत आले. आपल्याकडे नॅशनल फिशवर्कर्स फोरम आणि भारत-पाक लोकमंच हे त्यांचे जोडीदार. लोकमंच १९९४-९५ मध्ये दोन्हीकडच्या लोकांनी मिळून उभारला. त्यांच्या वकिलांना आमच्या खलाशांची कागदपत्रं आम्ही पाठवायची, आणि त्यांच्या मच्छीमारांसाठी गुजरातच्या तुरुंगात आम्ही धावपळ करायची. एकमेकांच्या देशप्रेमाची परीक्षा कोणी घेत नाही. बिनकामाच्या गप्पाही फारशा होत नाहीत, "यादी मिळाली", "दोन नावं कमी आहेत", एवढंच. कैदी सुटले की कराचीहून लाहोरपर्यंतच्या रेल्वेचा खर्च पुष्कळदा ईधी फाउंडेशन करतं आणि निघताना हातात थोडे पैसे आणि भेटवस्तू देतं. अटारीला उतरलेल्या माणसाच्या अंगावर नवा सलवार-कमीज असतो आणि घरच्यांना तो पटकन ओळखू येत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची भाषा. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम ७३ सांगतं की, अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून साधारण १२ ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात, मासेमारीचा नियम मोडल्याबद्दल, दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. भारताने हा करार १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. हे कलम आम्ही इतक्या निवेदनांत लिहिलं आहे की माझ्या संगणकाला "कल" टाइप केलं की पुढचं आपोआप सुचतं. गोची अशी की, अटक किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत दाखवली की हे कलम बाजूला पडतं, आणि क्रीकजवळ किनारा कोणाचा हाच तर वाद. तरी कलमाचा उपयोग होतो. "दया करा" असं म्हणणाऱ्याला अधिकारी चहा पाजतो. "कलम ७३" म्हणणाऱ्याच्या निवेदनावर त्याला काहीतरी लिहावं लागतं.

२००८ च्या मे महिन्यात दोन्ही देशांनी कैद्यांच्या भेटीगाठींबाबत, म्हणजे उच्चायोगाच्या अधिकाऱ्याने कैद्याला भेटण्याबाबत, करार केला. अटकेपासून तीन महिन्यांत भेट, शिक्षा आणि पडताळणी पूर्ण झाल्यावर एका महिन्यात सुटका, आणि दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या. तीन महिने आणि एक महिना हे दोन्ही शब्द कागदावरच राहतात हे मी रोज बघते. याद्यांची तारीख मात्र पाळली जाते. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं, विमानं उडाली, सीमा बंद, व्हिसा बंद. आणि १ जुलैला याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छीमार, "भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे". आपल्या यादीत त्यांचे ८१. त्या दिवशी दूरचित्रवाणीवर हे कोणी सांगितलं नाही, पण पाड्यावर आमच्या कार्यकर्त्याने मोबाइलवर यादी उघडून नावं वाचली आणि बायका ओट्यावर बसून ऐकत होत्या.

आता प्रामाणिकपणाचा भाग. २०१९ च्या एप्रिलमध्ये, बालाकोटनंतर दोनच महिन्यांत, पाकिस्तानने ३६० भारतीय कैदी चार तुकड्यांत सोडायचं ठरवलं. त्यातले जवळजवळ सगळे मच्छीमार. २०२३ च्या मे-जूनमध्ये दोन तुकड्यांत जवळपास चारशे सुटले. हे आमच्यामुळे झालं का? नाही. पहिल्या वेळी तिथल्या सरकारला जगापुढे समजूतदार दिसायचं होतं. सोडायचं कधी हे राजकारण ठरवतं. सोडायचं ठरल्यावर कोणाचे कागद तयार आहेत यावर कोण गाडीत बसणार हे ठरतं, आणि तेवढंच आमच्या हातात असतं. ज्याची पडताळणी झालेली नसते तो पुढच्या गाडीची वाट बघतो, आणि पुढची गाडी दोन-दोन वर्षं येत नाही.

मोठ्या मागण्यांत आम्ही हरलो आहोत. रेषा ओलांडलेल्या बोटीला पकडू नका, हाकलून द्या, ही मागणी मी या कामात आले तेव्हा जुनी होती. कैद्यांसाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २००७ मध्ये नेमली गेली. ते तुरुंगात जायचे, कैद्यांशी बोलायचे, शिफारशी करायचे. २०१३ नंतर ती भेटलेलीच नाही. ती पुन्हा सुरू करा असं आम्ही दर अर्ध्या वर्षाला लिहितो. पकडलेल्या बोटी कराचीच्या धक्क्यावर कुजतात. माणूस परत आला तरी मालकाचं कर्ज परत येत नाही. सर क्रीकबद्दल आमचं मत आजवर कोणी विचारलेलं नाही आणि विचारेल असं वाटत नाही. जमीन, सीमा, अण्वस्त्रं हे विषय निघाले की खोलीचं दार बंद होतं आणि आम्ही पायऱ्यांवर बसतो. जो संस्थावाला तुम्हाला याच्या उलट सांगेल त्याला निधी मागायचा असतो.

दार बंद असलं तरी खिडक्या असतात. त्यातली सगळ्यात चांगली म्हणजे संसदेतला प्रश्न. एखाद्या खासदाराने तारांकित प्रश्न विचारला की मंत्रालयाला ठरलेल्या दिवशी आकडा द्यावाच लागतो. आकड्यासाठी फाइल उघडते, आणि उघडलेल्या फाइलीत आमचं निवेदन वर येतं. प्रश्नाचा मसुदा आम्ही करून देतो, खासदार कोणत्या पक्षाचा हे बघत नाही. माहिती अधिकाराचा इथे फार उपयोग नाही. परदेशांशी संबंध बिघडतील अशी माहिती कलम ८(१)(अ) खाली नाकारता येते, आणि आमच्या विषयात सगळंच परदेशाशी संबंधित. तरी राज्याच्या खात्याकडे "पडताळणीचं पत्र कधी आलं, कधी गेलं" एवढ्या दोन तारखा मागितल्या तर मिळतात. दोन तारखांमधलं अंतर वाचून जो अधिकारी लाजतो तो दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. जो लाजत नाही त्याच्यासाठी पुन्हा खासदार.

तलासरीहून थोडं ईशान्येला गेलं की सिल्वासा लागतं. तुमच्या प्रकरणासाठी त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही आणि पाठ्यपुस्तकात ते मला कधी दिसलं नाही. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगिजांचे भारतीय भूमीने वेढलेले दोन तुकडे. १९५४ च्या जुलैमध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादरा घेतलं. २ ऑगस्टला सिल्वासा पडलं. त्यात आझाद गोमंतक दल होतं, संघाचे स्वयंसेवक होते, सुधीर फडकेही होते. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या चळवळीत तयार झालेला वारली पट्टा शेजारीच, आणि नगर हवेलीत कम्युनिस्टही उतरले होते. एरवी एका मांडवात न बसणारे लोक.

नेहरूंचं सरकार तेव्हा जगाला शांततेच्या गोष्टी सांगत होतं. सैन्य पाठवणं त्या भाषेत बसत नव्हतं. मग सरकारने काय केलं? पोर्तुगिजांच्या सैन्याला त्यांच्याच ताब्यातल्या दमणहून आपल्या हद्दीतून जाऊ दिलं नाही, बस्स. पुढचं सगळं "तिथल्या लोकांनी" केलेलं. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की, खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाऊ देण्याचा पोर्तुगालला हक्क होता, सशस्त्र दलांना नव्हता, आणि भारताने जे केलं त्यात कर्तव्यभंग झाला नाही. १९५४ ते १९६१ अशी सात वर्षं हा मुलूख तिथल्या लोकांची वरिष्ठ पंचायत चालवत होती. १९६१ च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या समोर सही करायला तिकडचा कोणी प्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय अधिकाऱ्यालाच त्या दिवसापुरता तिथला पंतप्रधान केलं होतं. मला हा किस्सा फार आवडतो. संस्था पुढे, सरकार नामानिराळं, आणि शेवटी कागद नीट.

पण लगेच पुढचं वर्षही वाचा. पुण्यातल्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रही पाठवायला सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं मेली. लोकक्षोभ एवढा की सरकारने पोर्तुगालशी उरलेसुरले वकिलातीचे संबंधही तोडले. आणि त्याच सरकारने काही आठवड्यांत सत्याग्रह थांबवायला लावले. लोकांनी रेटा दिला तेवढं धोरण हललं, आणि रेटा सरकारच्या सोयीपलीकडे गेला तेव्हा सरकारने लोकांनाच अडवलं. गोवा सुटलं ते १९६१ च्या डिसेंबरमध्ये, सैन्याने. सत्याग्रहात पुढे असलेल्या सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांच्या पिढीला याचा राग होता, आणि तो मला समजतो.

परदेशातलं नेहमीचं उदाहरण भूसुरुंगांचं आहे. ते थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे मिळतं. १९९२ मध्ये सहा संस्थांनी सुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी ओटावाच्या परिषदेत उठून सांगितलं की वर्षभरात करार करू, या सही करायला. १९९७ च्या डिसेंबरमध्ये १२२ देशांनी सह्या केल्या आणि मोहिमेला नोबेल मिळालं. हे घडलं कारण एका मध्यम आकाराच्या देशाच्या मंत्र्याला नाव हवं होतं आणि संस्थांकडे पाय तुटलेल्या माणसांची, दवाखान्यांची, किमतींची पक्की माहिती होती. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिका यांनी मात्र सही केलेली नाही. आणि २०२५ मध्ये एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. शेजारी रशियाचं युद्ध दिसू लागल्यावर तीस वर्षांच्या मोहिमेचं काय होतं ते बघून घ्या.

आपल्याकडे अलीकडचं ठळक उदाहरण आरसेपचं, म्हणजे आशिया-प्रशांत भागातल्या देशांच्या त्या मोठ्या व्यापार कराराचं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने त्यातून अंग काढलं. त्याआधी डाव्यांच्या किसान सभेपासून संघाच्या स्वदेशी जागरण मंचापर्यंत सगळे विरोधात होते. न्यूझीलंडची दूध पावडर आली तर कोल्हापूर-सांगलीच्या गोठ्यात काय होईल हे संकलन केंद्रावर कॅन घेऊन उभ्या राहिलेल्या बाईलाही ठाऊक होतं. सहकारी दूध संघांनी आकडे मांडले. आम्ही जिंकलो, असं तेव्हा बऱ्याच मित्रांनी लिहिलं. मला तसं वाटत नाही. चीनबरोबरच्या व्यापारातली तूट आधीच सरकारला सलत होती, आणि नाही म्हणायला चेहरा हवा होता. शेतकऱ्याचा चेहरा चीनच्या भीतीपेक्षा बरा दिसतो. तरीही हे कमी नाही. सरकार काठावर असतं तेव्हा एका बाजूला लोक उभे असणं मोजलं जातं. सरकारने मनाशी पक्कं केलेलं असतं तेव्हा कितीही लोक उभे राहोत.

सगळ्या संस्था पायऱ्यांवर बसत नाहीत, हेही लिहून ठेवा. उद्योगांचे महासंघ पंतप्रधानांच्या दौऱ्यात सोबत असतात. दिल्लीतले अभ्यासगट मंत्रालयाबरोबर परिषदा भरवतात. निवृत्त राजदूत तिथे बोलतात आणि सेवेतले ऐकतात. २००८ च्या अणुकराराच्या वेळी अमेरिकेतल्या भारतीयांच्या संघटनांनी तिथल्या खासदारांकडे खेटे घातले. "बिगर-सरकारी" या एका शब्दात तलासरीचा आमचा माणूस आणि हे सगळे एकत्र कोंबले की प्रकरण लिहायला सोपं जातं, पण कोणाला काय मिळालं ते कळत नाही. तुम्ही प्रबंध लिहिणार असाल तर आधी विचारा, भेटीची वेळ कोणाला किती दिवसांत मिळाली.

पैशाचंही सांगायला हवं. परदेशी निधीचा कायदा १९७६ पासूनचा, २०१० मध्ये नवा झाला आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये आणखी घट्ट केला. एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसरीला देता येत नाही, कार्यालयीन खर्च २० टक्क्यांवर जाता कामा नये, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच. आमचं काम पहिल्यापासून वर्गणीवर चालतं, कारण पाकिस्तानचं नाव असलेल्या कामात एक परदेशी रुपया निघाला तर खलाशी राहील बाजूला, आमचीच पडताळणी सुरू होईल. पैसा कमी म्हणून माणसं कमी, म्हणून तीन तालुक्यांच्या पुढे आम्ही जाऊ शकलो नाही. हा आमच्या शुद्धतेचा गौरव नाही, नुसती अडचण आहे.

आमच्या चुकाही झाल्या. एका सुटकेची तारीख आम्हाला तीन दिवस आधी कळली. आमच्यातल्या एकाने उत्साहात ती एका वाहिनीला सांगितली. रात्री चर्चा झाली, कोणीतरी "आधी त्यांनी अमुक करावं" म्हणालं, तिकडच्या वाहिनीने त्याला उत्तर दिलं, आणि सुटका "प्रशासकीय कारणास्तव" पुढे गेली. किती पुढे? अकरा आठवडे. त्यात एका खलाशाची आई गेली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: माणूस अटारीचं फाटक ओलांडून अलीकडे येईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. घरच्यांपासून लपवणं बरोबर की चूक यावर आमच्यात अजून भांडणं होतात.

तो धोडी परत आला. चार वर्षं आणि दोन महिने. अमृतसरहून गाडीने आला, पाड्यावर तीन दिवस कोणाशी बोलला नाही, आणि पुढच्या हंगामात पुन्हा उचल घेऊन वेरावळला गेला. मी चिडले तेव्हा त्याची बायको म्हणाली, "ताई, तुमी काम देता का?"

आता आम्ही हंगामाआधी, बोटीवर जाण्याआधीच नावं लिहून घेतो. वहीत प्रत्येक नाव, बापाचं नाव आणि गाव तीन लिप्यांत असतं: देवनागरी, गुजराती आणि उर्दू. उर्दू कराचीतले एक वकीलसाहेब तपासून देतात. गावाच्या नावातल्या अलिफवर ते पेश देतात आणि शेजारी लाल शाईने गोल करतात.